पट्ट्यापट्ट्यांची कर्दळ

"मॅडम, ही कर्दळ आहे की काठ्या रोवून ठेवल्यात?"

सबनीस साहेब गाडीतून उतरलेही नव्हते. काच खाली करून विचारत होते. मी वाफ्याशी उकिडवी बसून एक पान उलटं करून बघत होते. उत्तर द्यायला उठले, तोवर ते दार उघडून बाहेर आलेच.

सबनीस म्हणजे कंपनीचे अॅडमिन मॅनेजर. कंपनी आपटा गावाच्या पलीकडे, पाताळगंगेच्या काठच्या औद्योगिक पट्ट्यातली. गेटपासून ऑफिसच्या पोर्चपर्यंतच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी आमच्या नर्सरीने कर्दळ लावली होती. ती माणसाच्या उंचीची व्हायला हवी होती आणि लाल-पिवळ्या फुलांनी भरायला हवी होती. प्रत्यक्षात ती कमरेएवढीच होती. पानं फाटकी होती आणि फूल औषधालाही नव्हतं.

"दिवाळीनंतर जर्मनीचे कोलॅबोरेटर येतायत," साहेब म्हणाले. "एमडी स्वतः त्यांना घेऊन येणार. याच रस्त्याने. तोवर मला फुलं दिसली पाहिजेत. नाही दिसली तर रोपांचं पुढचं कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला. आणि या बायकासुद्धा बंद. सहा जणी दिवसभर काय करतात तेच मला कळत नाही."

त्या सहा जणी वीसेक पावलांवर गवत काढत होत्या. सगळ्या आपट्याच्या. त्यांनी माना वर केल्या नाहीत, पण हात थांबलेले मला दिसले.

मी तेव्हा पनवेलच्या एका नर्सरीत नोकरीला होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात. बी.एस्सी. अॅग्री झाले होते, लग्न होऊन नवीन पनवेलला राहायला आले होते आणि घरापासून जवळ काम मिळालं म्हणून खूश होते. नर्सरीचे मालक हरिश्चंद्र घरत, मूळचे ओवे गावचे. वडिलोपार्जित शेती नव्या शहरासाठी गेली, तेव्हा त्यांनी हायवेजवळ जागा घेऊन रोपं विकायला सुरुवात केली. सगळे त्यांना शेठ म्हणत. मीही म्हणायची. नवीन पनवेलला रोज एखादी बिल्डिंग उभी राहत होती आणि प्रत्येक सोसायटीला बाग हवी होती. धंदा जोरात होता. "झाडा मी बघतो, रोग तुमी बघा," अशी त्यांनी पहिल्याच दिवशी कामाची वाटणी करून टाकली होती.

सबनीस साहेबांना मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या. आधी नीट बघते."

"बघा. पण मला कारणं नकोत, फुलं हवीत."

गाडी पोर्चकडे गेली. मी बायकांकडे गेले.

त्यांची म्होरकी पार्वतीबाई. पन्नाशीची, सडपातळ, बोलायला रोखठोक. मी विचारलं, "पार्वतीबाई, फूल कधीच आलं नाही का?"

"येतंय कुठं, ताय? यायच्या आधी कापतो ना आमी."

"कापता म्हणजे?"

तिने विळा उचलून दाखवलं. कर्दळीच्या शेंड्यावरून हवेतच एक सरळ रेघ मारली. "सायबांनी सांगितलंय. सगली एका लेव्हलला पायजे. मेंदीच्या कुपणावानी."

पहिली अडचण इथेच सुटली. कर्दळीचं गणित साधं आहे. जमिनीखाली आल्याच्या गड्ड्यासारखा कंद असतो. त्यातून एकेक दांडा वर येतो. त्या दांड्याच्या टोकाला फुलांचा तुरा लागतो, आणि तोही आयुष्यात एकदाच. टोक छाटलं की त्या दांड्याचं फूल गेलं. तुरा संपून गेला की तो दांडा जमिनीलगत कापायचा, म्हणजे कंदातून नवा येतो. मेंदीचं कुंपण वरून छाटलं की दाट होतं. कर्दळ वरून छाटली की नुसती खुंटते.

हे साहेबांना सांगायला त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते फोनवर होते. फोन ठेवल्यावर मी सांगितलं. त्यांनी काचेचा पेपरवेट बाजूला सरकवला.

"म्हणजे माझ्यामुळे फुलं आली नाहीत असं तुमचं म्हणणं?"

"छाटल्यामुळे आली नाहीत, सर. छाटणी थांबवली तर येतील."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"लावून दिल्यावर आमचं कुणी इथे येत नव्हतं. देखभाल तुमच्या बायका करतात. मी नोकरीला लागल्यापासून आज पहिल्यांदा आलेय."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "बरं. छाटणी बंद. पण पानं का फाटलीत? ती तर मी फाडली नाहीत ना?"

त्यांना विनोद करता येतो हे मला तेव्हा कळलं. मी हसले. तेही थोडे हसले.

पानांचं कारण दुसरं होतं. कर्दळीचं नवं पान सुरळी होऊन बाहेर येतं आणि मग उलगडतं. एक हिरवट अळी त्या सुरळीत शिरते, कडा धाग्याने चिकटवून टाकते आणि आत बसून आरपार खाते. लहानपणी आपण कागदाची घडी घालून कात्रीने एक तुकडा काढायचो आणि घडी उलगडली की ओळीने भोकं दिसायची, तसं होतं. पान उलगडतं तेव्हा त्यावर एका रेषेत भोकं असतात. पुढे वाऱ्याने ती भोकं फाटून पानाच्या चिंध्या होतात. बायकांना मी सुरळ्या उलगडून अळ्या दाखवल्या. औषध फवारायच्या आधी चिकटलेल्या सुरळ्या हाताने काढून टाकायला सांगितल्या. कर्दळीवर नुसतं वरून फवारून उपयोग नसतो. अळी आत दार लावून बसलेली असते.

पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके होते. बोट लावलं की बोटाला हळदीसारखा रंग लागायचा. हा तांबेरा. बुरशीचा रोग, ओल धरून वाढणारा. आमच्याकडे पावसात हवा आधीच ओली असते. त्यात कंपनीने स्प्रिंकलर बसवले होते आणि ते संध्याकाळी सुरू व्हायचे. पानं रात्रभर भिजलेली राहायची. शिवाय कंद लावून बरेच दिवस झाल्याने एकेका जागी दांड्यांची गर्दी झाली होती. आत वारा शिरतच नव्हता.

उपाय ठरले. स्प्रिंकलर बंद, पाणी सकाळी पाइपने बुंध्याशी. रोगट पानं काढून जाळायची. गर्दीतले कंद खणून, तोडून, अंतर ठेवून पुन्हा लावायचे. बुरशीनाशकाची फवारणी. युरिया बंद, कारण युरियाने नुसता पाला माजतो. त्याऐवजी शेणखत.

पार्वतीबाईने सगळं ऐकून विचारलं, "एवढा करून फुला येतील ना? नायतर आमचा काय खरा नाय."

"येतील," मी म्हटलं. तेव्हा माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मी पोर्चजवळचा भाग बघायला घेतला. तिथे कर्दळीची वेगळी जात लावली होती. हिरव्या पानावर पिवळे पट्टे. शेठनी तिचं नाव 'झेब्रा' ठेवलं होतं. ही त्यांची खासियत. एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी मूळ कंद आणले होते आणि वाढवले होते. नर्सरीत शिरल्याबरोबर ती पहिली दिसेल अशी मांडलेली असायची. नवीन पनवेलच्या निम्म्या गच्च्यांवर ती पोचली होती. पट्टे बघून लोक मागून न्यायचे.

पट्ट्यांच्या कर्दळीची एक खरी जातही असते. तिचे पट्टे मधल्या शिरेपासून कडेपर्यंत नीट, एकसारखे, प्रत्येक पानावर असतात. मी बसून झेब्राची पानं एकेक करून बघायला लागले. एका पानावर पट्टे दाट, दुसऱ्यावर तुटक. काही ठिकाणी पिवळं संपून तपकिरी झालेलं. काही पानं पिळवटलेली. एक झाड गुडघ्याएवढंच राहिलेलं. मग मी शेजारच्या वाफ्यात गेले. तिथे साधी हिरवी, लाल फुलांची कर्दळ होती. तिच्यातही दोन-तीन झाडांवर बारीक पिवळ्या रेघा उमटायला लागल्या होत्या.

जातीचे पट्टे शेजारच्या झाडाला लागत नाहीत. लागतो तो रोग.

मी दोन्हीकडची पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि घरी आले. माझा संशय होता, पण नुसत्या संशयावर माणसाचा धंदा बुडवायचा नसतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून एसटीने माझ्या जुन्या कॉलेजला गेले. वनस्पतिरोग शिकवणारे आमचे सर अजून तिथेच होते. त्यांनी पानं खिडकीशी धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ही कुणाची?"

"आमच्या नर्सरीची."

"मालक चांगले आहेत का?"

मला प्रश्न कळला नाही. "आहेत. का?"

"मग त्यांना लवकर सांग. मोझॅक आहे हा. व्हायरस. पूर्ण खात्रीसाठी निरोगी झाडावर याचा रस चोळून बघावं लागेल आणि ते मी करीनच. पण मी तुझ्या जागी असतो तर त्या निकालासाठी थांबलो नसतो."

"औषध?"

"वर्गात काय सांगितलं होतं?"

वर्गात त्यांनी सांगितलं होतं की व्हायरसला औषध नसतं. तो कंदात असतो. पानं तोडून, फवारून, खत घालून काही होत नाही. त्याच कंदाचे तुकडे करून लावले की प्रत्येक तुकड्याबरोबर तो जातो. मावा नावाची बारीक कीड रस शोषते आणि त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. कंद तोडायचा कोयताही नेतो. उपाय एकच. आजारी कंद मुळासकट काढायचा आणि जाळायचा.

परत येताना एसटीत मी मनातल्या मनात शेठशी बोलत होते. प्रत्येक वेळी संभाषण वाईटच संपत होतं.

प्रत्यक्षातही तसंच झालं.

शेठ नर्सरीत मोठ्या खुशीत होते. नवीन पनवेलच्या एका मोठ्या सोसायटीने कंपाउंडच्या कडेने लावायला झेब्राची ऑर्डर दिली होती. त्यांचा टेम्पो शनिवारी येणार होता. मी सरांकडून आल्याचं सांगितलं आणि सगळं समजावलं. ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी गेली.

"मॅडम, ही कर्दळ मी किती वर्सं इकतोय. एक मानूस तक्रार घेऊन आला नाय."

"लोकांना तो रोग वाटत नाही, शेठ. डिझाइन वाटतं."

"मग वाटू दे की. झाड तर जगतंय."

"हळूहळू खुजं होत जातं. फुलं कमी होतात. आणि शेजारच्या चांगल्या कर्दळीला लागतं. कंपनीत लागलंय. मी बघितलंय."

"कंपनीत सायबाने शेंडे छाटले म्हनून झाला ना? तुमीच म्हनालात."

"ते फुलांचं. हे वेगळं."

ते उठून उभे राहिले. आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडे बघत नव्हते. "एवढी ऑर्डर जाऊ द्या. पुढल्या सालापासून बंद करू. मी शब्द दिलाय त्यांना."

"शेठ, त्या कंदांना मी हात लावणार नाही."

हे मी इतक्या सरळ बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. पाणी घालणारे दोघे गडी आमच्याकडे बघत होते.

"मग घरी बसा," शेठ म्हणाले.

मी पर्स उचलली आणि घरी आले.

त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी नोकरी मिळेल." मिळाली असती. मला नोकरीचं वाईट वाटत नव्हतं, शेठचं वाटत होतं. ते मला कधी वाकडं बोलले नव्हते. त्यांच्या घरी मी जेवले होते. त्यांना मी चोर ठरवतेय असं त्यांना वाटलं असणार, आणि मला ते तसं म्हणायचं नव्हतं. दुसरा दिवस मी घरातच इकडून तिकडे करत घालवला. डाळ करपली. शेजारणीच्या गॅलरीत कुंडीत झेब्रा होती. तीच सारखी डोळ्यासमोर येत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाली स्कूटरचा आवाज आला. बेल वाजली. दारात शेठ. हातात कर्दळीचं एक लांब पान.

मी आत बोलावलं. ते खुर्चीत टेकले, पाणी प्याले. मग पान टीपॉयवर ठेवलं.

"ही ओव्याची," ते म्हणाले. "घराच्या मागं इहीर हाय ना, तिथली. आयेनं लावलेली. लाल फुलाची, साधी. आमी लहान होतो तवापासून हाय. हिला कदी पट्टा नव्हता."

पानावर शिरांना धरून पिवळ्या रेघा होत्या. खालच्या टोकाला पान मुडपलं होतं.

"तुमच्या घरी झेब्रा लावली होती का?" मी विचारलं.

"नाय. पन मागल्या पावसाच्या आधी मी तिथली दाटी कमी केली. नर्सरीतलाच कोयता नेला होता." त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं. "तुमी म्हनालात ना, कोयत्याने जातो म्हनून. ते खोटा हाय ते बघायला गेलो होतो मी. तुमाला खोटी पाडायला. बघितला तर हे."

मी पान उचलून उजेडात धरलं. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी बघत बसले.

"वाचंल का ती?" त्यांनी विचारलं.

"लागलेले कंद नाही वाचणार. पण इतक्या जुन्या बेटात एखादी बाजू चांगली असू शकते. येऊन बघते."

"मी रोग इकत होतो म्हंजे."

"तुम्हाला माहीत नव्हतं, शेठ."

"आता हाय." ते उठले. "चला. टेम्पो शनवारी येनार. त्याच्या आधी सगली काढायची."

आम्ही त्या दिवसापासून नर्सरीतली झेब्रा खणायला घेतली. कर्दळीचा कंद पाण्याने भरलेला असतो, सहज जळत नाही. म्हणून तुकडे करून आधी उन्हात पसरले, मग खड्ड्यात भाताचं तूस घालून पेटवले. दोन-तीन दिवस नर्सरीवर धुराचा पट्टा होता. रस्त्यावरून जाणारे विचारायचे, "काय जाळताय?" शेठ सांगायचे, "चूक." एवढंच. पुढचं विचारायची कुणाची हिंमत व्हायची नाही. कोयते आणि विळे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून धुवायची पद्धत तेव्हा सुरू झाली. प्रत्येक झाड तोडून झालं की हत्यार बुडवायचं. गडी वैतागायचे. शेठ स्वतः उभे राहून करवून घ्यायचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना शेठनी फोन करून ऑर्डर रद्द केली आणि का ते सांगितलं. ते चिडले. त्यांना पट्टे हवे होते, रोगाचं त्यांना काही पडलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्या नर्सरीतून आणली असेल. असो.

कंपनीत सांगायला आम्ही दोघं गेलो. केबिनमध्ये सबनीस साहेबांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि स्वतःच सुरुवात केली. "छाटणीचं मॅडमनी सांगितलं मला. पण घरतशेठ, सगळा दोष आमच्यावर टाकू नका. माल तुमचा होता."

ते वादाच्या तयारीने बसले होते.

"व्हय," शेठ म्हणाले. "माल आमचाच. त्यातला पोर्चकडचा रोगट हाय. तो आमी काढून नेतो."

साहेबांचा चहाचा कप हवेत थांबला. मी त्यांना मोझॅकबद्दल सांगितलं. कोणते वाफे पूर्ण काढावे लागतील आणि कोणते वाचतील तेही सांगितलं. पोर्चसमोरची जागा पाहुणे येण्याच्या वेळी मोकळी राहणार होती. आमच्याकडच्या झेंडूच्या कुंड्या तिथे ठेवता येतील एवढाच पर्याय होता.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलं नसतं."

"मॅडमला कललाय ना."

"तुम्हाला कल्पना आहे ना, खराब माल दिला असं रेकॉर्डवर आलं की आमच्या नियमाप्रमाणे पुढचं कॉन्ट्रॅक्ट तुम्हाला देता येत नाही? माझ्या मनात असलं तरी."

"ते तुमी नियमानं करा. माजा एक ऐका. बाया काढू नका. त्यांनी तुमी सांगितला तसा कापला, आमी दिला तसा लावला. त्यांची काय चूक?"

साहेबांनी पेपरवेट उचलला, ठेवला. छाटणीचा हुकूम कुणाचा होता हे त्या खोलीत तिघांनाही माहीत होतं.

"बायका राहतील," ते म्हणाले. "नवीन कॉन्ट्रॅक्टर आला तरी त्याच राहतील. ते माझ्याकडे लागलं."

बाहेर आल्यावर शेठनी पार्वतीबाईला हाक मारून हे सांगितलं. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरा झाला." तेवढ्यावर कामाला वळली. मी तिला थांबवलं. मला अजून एक विचारायचं होतं.

"पार्वतीबाई, पट्ट्याच्या कर्दळीचा कंद कुणी घरी नेलाय का?"

तिने मागे वळून बघितलं. "मागं एकदा दाटी कमी केली तवा फेकून द्यायचे होते. मी नेला. दारात लावलाय. का?"

शेठना आणि मला तिच्या दारात जावं लागलं. आपट्याच्या त्या आळीत नदीकडे उतरणारी वाट आहे, तिथलं शेवटून दुसरं घर. अंगण सारवलेलं. तुळशीच्या बाजूला झेब्राचं बेट, झकास वाढलेलं, कुणी शेंडे न छाटल्यामुळे फुललेलंसुद्धा. कंपनीत एक फूल नव्हतं आणि इथे सहा-सात तुरे.

"ही मी नाय उपटनार," ती म्हणाली. "एवढी छान फुललेय. रोग काय दिसतोय का तुमाला?"

मला दिसत होता. पाकळ्यांवरही फिकट रेघा होत्या. पण तिला फुलं दिसत होती आणि तीही खरीच होती.

"कुणाला दिलीत का यातली?" मी विचारलं.

"लेकीला. रसायनीला दिलेय ती. आनि शेजारनीला."

शेठ अंगणाच्या कडेला उभे होते. ते पुढे आले, बेटाजवळ उकिडवे बसले. ओव्याच्या विहिरीवरच्या कर्दळीचं त्यांनी तिला सांगितलं. रोगाचं फारसं सांगितलंच नाही. आईने लावलेली होती आणि आता पट्टे आलेत, एवढंच सांगितलं. पार्वतीबाई ऐकत होती. मग म्हणाली, "फुला संपू दे. मंग काढते."

मी म्हणणार होते की आत्ताच काढायला हवी. शेठनी हातानेच मला थांबवलं.

तिने नंतर काढली. लेकीकडची आणि शेजारणीचीही काढायला लावली. ती पुढे बाजारात भेटली तेव्हा हे तिनेच मला सांगितलं. त्या जागी शेठनी तिला साधी लाल कर्दळ पाठवली होती. ओव्याच्या बेटाची विहिरीकडची बाजू स्वच्छ निघाली होती. तिथले कंद आम्ही वेगळे लावून वर्षभर डोळ्यात तेल घालून पाहिले. त्यांच्यावर पट्टा आला नाही.

जर्मन पाहुणे आले. मी तिथे नव्हते, पार्वतीबाई होती. गाडी गेटमधून आत आली, पोर्चला थांबली. पाहुणे सगळा वेळ मांडीवरच्या कागदांत बघत होते. झेंडूच्या कुंड्यांसमोर फोटो काढायचा ठरला होता, तोही राहून गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या कर्दळीला तोवर कोवळे दांडे आले होते, फुलं नव्हती. ती थंडीत आली, आणि भरभरून आली. तोवर कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याकडे गेलं होतं. कौतुक त्यांचं झालं. सबनीस साहेबांनी मात्र नवीन पनवेलच्या आपल्या बंगल्याची बाग आमच्याकडून करून घेतली. कर्दळ नको म्हणाले.

मी त्या नर्सरीत पुढे बरीच वर्षं काम केलं. नंतर स्वतःचा सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. आजही लोक पिशवीत पान घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "यावर काय फवारायचं?" कर्दळीच्या बऱ्याच तक्रारी फवारणीशिवाय सुटतात. शेंडा छाटू नका, पानावर पाणी टाकू नका, सुरळी उघडून बघा, गर्दी विरळ करा. एवढ्याने काम होतं आणि लोक आनंदाने जातात.

उरलेल्यांना मी विचारते, हिचा कंद कुठून आणला आणि यातला कुणाला दिलात. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण आठवायला लागतात, आणि आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरतो. कंद उपटणं सोपं असतं. ज्यांना प्रेमाने दिला त्यांच्या दारात जाऊन तो परत मागणं अवघड असतं. तेवढं मात्र ज्याचं त्याने करायचं असतं. त्यासाठी सल्लागार मिळत नाही.